मास्तरकीचं अत्तर

परवा नातवाने एक बाटली आणली. काळी काच, पितळेसारखं झाकण, आणि खोक्यावर छापलेलं की हा खास पुरुषांचा सुगंध आहे, दूरदूरच्या प्रवासांतून आणि रानातल्या वनस्पतींतून सुचलेला. त्याने माझ्या मनगटावर फुस्सकन फवारा मारला आणि विचारलं, "कसा आहे, आजोबा?" मी म्हटलं, "वास बरा आहे. पण प्रवास कुणी केला?" तो म्हणाला, कंपनीने. हात्तिच्या! कंपनी कधी डोक्यावर पाटी घेऊन गंजाडच्या बाजाराला चालत गेली आहे काय? आमच्या घरी पन्नास सालानंतर केव्हातरी असलंच अत्तर झालं होतं, आणि त्यातलं एकेक मूळ माझ्या आतेने स्वतःच्या पायांनी आणलं होतं. त्या अत्तराने माझी नोकरी घालवायचीच बाकी ठेवली होती. पोराला ही गोष्ट सांगायला लागलो तर तो फोनकडे बघायला लागला, म्हणून आता इथे लिहितो.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर. वडिलांची होडी होती, आई मासळी सुकवायची, आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आते, ती सुकी मासळी आत रानाकडच्या बाजारांना नेऊन विकायची. आते लवकर विधवा झाली आणि आमच्याकडेच राहिली. बाई कसली, तोफ होती. गुजरात्याशी गुजराती, पाड्यावरच्या बायकांशी त्यांची बोली, कचेरीतल्या शिपायाशी मराठी, आणि माझ्या वडिलांशी बोलायची ती भाषा लिहिता येत नाही. आठवड्यातून दोनदा ती गंजाडला नाहीतर उधव्याला जायची. जाताना पाटीत बोंबील, येताना त्याच पाटीत नाचणी, कडधान्य, आणि वाटेत दिसेल ते झाडपाल्याचं काहीबाही. तिला वासाचं वेड होतं. ओढ्याकाठी वाळा दिसला की उपट, ओलसर जागी नागरमोथा दिसला की खण. घराच्या आढ्याला तिच्या जुड्या टांगलेल्या असत.

मी या घरातला नापास नग. मला बोट लागायची. होडीवाल्याच्या पोराला बोट लागते हे ऐकून लोक आधी हसायचे आणि मग वडिलांकडे दयेने बघायचे. वडिलांनी मला तीनदा दर्यात नेलं आणि तिन्ही वेळा मी होडीच्या काठावर ओणवा होऊन आदल्या दिवसाचं जेवणही परत केलं. तिसऱ्या खेपेला ते आईला म्हणाले, "याला मासळी धरायला नेतो का मासळीला चारा घालायला नेतो, तेच मला कळत नाय." म्हणून मग मला शिकवलं. मी सातवीची, फायनलची परीक्षा पास झालो, आणि आमच्या आळीत तेवढं कुणीच शिकलेलं नव्हतं.

पण शाळेतली ती वर्षं मला सुखाची गेली नाहीत. गावातली पोरं मी बाकावर बसलो की नाक धरायची. "बोंबील आला, खिडकी उघडा," असं म्हणायची. आता गंमत अशी की मला कसलाच वास यायचा नाही. मी सदरा हुंगायचो, हात हुंगायचो, केस ओढून नाकाशी धरायचो, काही नाही. ज्या वासापायी मी खाली मान घालून चालायला शिकलो तो माझा मला कधी आलाच नाही. घरात कुणालाच येत नव्हता, त्यात काय एवढं, असं मला आज वाटतं. तेव्हा रडू यायचं.

दिवाळीच्या सुमाराला मला मास्तरकीचा हुकूम आला. झरीच्या पुढे एक पाडा होता, तिथली एकशिक्षकी शाळा. कचेरीतल्या कारकुनाने कागद हातात देताना खरं काय ते सांगून टाकलं. "पटावर बावीस पोरं आहेत, बसत नाही एकही. तीन मास्तर पळाले. होळीच्या आधी दिपोटी साहेब तपासणीला येतील. दहा पोरं बसलेली दिसली नाहीत तर शाळा बंद आणि तुम्ही घरी."

घरी म्हणजे होडीवर.

घरी येऊन मी जाहीर केलं की मला अत्तर पाहिजे. पोरं जर माझ्याजवळ बसायला हवी असतील तर आधी माझ्या अंगाचा वास गेला पाहिजे. आईला वाटलं मला ताप आला. आते मात्र पदर खोचूनच उभी राहिली. "बाजारातलं कशाला? ते कानात फाया लावून फिरणारे अत्तरवाले निम्मं पाणी घालतात. मी करते तुला. पन मोगरा नाय घालाचा हां, मोगरा बायकांचा. मास्तरच्या अंगाला मातीचा वास पायजे, रानाचा पायजे. चार गावं फिरलेला मानूस वाटला पायजे."

आणि तिने आढ्यावरच्या जुड्या खाली काढल्या. गंजाडच्या ओढ्याचा वाळा. उधव्याच्या वाटेवरचा नागरमोथा. कुठल्याशा देवळामागची बकुळीची सुकलेली फुलं. खाडीकाठी हंगामातलं शेवटचं केवड्याचं कणीस राहिलं होतं, ते काढताना हात ओरबाडून घेतले आणि मलाच शिव्या घातल्या. तिळाचं तेल आणलं, सगळं कुटून मातीच्या बरणीत तेलात घातलं, तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात ठेवली. रोज सकाळी ती बरणी हलवायची आणि कावळ्यांना दम द्यायची.

आठव्या दिवशी गाळायला घेतलं, तर निम्मं तेल मुळ्यांनी पिऊन टाकलेलं. बाटली गळ्याच्या खाली चार बोटं रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं आणि तिळाच्या तेलाचा घरात थेंब नव्हता. आते इकडेतिकडे बघत होती. मग मागच्या पडवीत गेली आणि एक डबा घेऊन आली.

आता हे नीट सांगायला पाहिजे. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून आम्ही होडीच्या फळ्यांना लावायचो, म्हणजे लाकूड खाऱ्या पाण्याने कुजत नाही. ते तेल उन्हात ठेवलं की वर अगदी निवळ, सोनेरी थर येतो. आतेने तो वरचा थर वाटीत काढला.

"बघ कसं निवळ हाय," ती म्हणाली. "देवाच्या समईत घालावं असं. तेल म्हंजे तेल."

"पण वास?" मी विचारलं. मला तेवढी अक्कल होती.

"कसला वास? हुंगून बघ."

मी हुंगलं. वास नव्हता. आईने हुंगलं, ती म्हणाली, "छे, याला कुठं वास हाय." वडिलांनी हुंगलं, खांदे उडवले. शेजारीण कुंपणावरून डोकावत होती, तिलाही बोलावून हुंगायला लावलं. ती म्हणाली, "मला तर पान्यासारखं वाटतं." चार पिढ्या मासळीत वाढलेली पाच नाकं, आणि पाचांनी एकमताने निकाल दिला की मुशीच्या तेलाला वास नसतो. आणि त्यात मी, फायनल पास! आतेने वाटी बाटलीत ओतली, बूच मारलं, आणि बाटली माझ्या कानाशी हलवून म्हणाली, "आता बघ. झरीपतूर लोक वळून बघतील."

ते मात्र खरं झालं. मोटारीत माझ्या शेजारचा माणूस तलासरी यायच्या आधीच उठून मागे जाऊन बसला. मला वाटलं, मास्तर म्हणून मान ठेवला.

पाड्यावरची शाळा म्हणजे कुडाच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर आणि एक पाय मोडलेला फळा. मी राहायचोही तिथेच, एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडून. पहिल्या दिवशी एकही पोर आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक मांजर आलं. ते दारातून सरळ आत आलं, माझ्या पायाशी बसलं आणि माझ्याकडे अशा काही भक्तीने बघायला लागलं की मला बरं वाटलं. निदान एक विद्यार्थी तरी मिळाला. तिसऱ्या दिवशी तीन मांजरं झाली. मी पाणी आणायला ओढ्यावर निघालो की ती शेपट्या उभ्या करून माझ्यामागून ओळीने चालायची.

हे दृश्य बघायला पोरं झाडामागे जमायला लागली. आधी हसून पळायची, मग पळायचं सोडून नुसतीच हसायची. एक दिवस पाच-सहा वर्षांची एक चिमुरडी दारापर्यंत आली आणि विचारती झाली, "मास्तर, तुला मांजरं कशी काय वश झाली?" पाड्यावर लहान-थोर सगळ्यांना 'तू'च म्हणायचे, त्यात अपमान नव्हता. मी म्हटलं, "आत येऊन बस, सांगतो." ती बसली. तिच्यामागे तिचा भाऊ बसला. मी संधी सोडली नाही. "चार मांजरं आली, एक उंदरामागे गेलं, किती राहिली?" पोरांनी मांजरं मोजली. तिथून पुढे वजाबाकी आम्ही मांजरांवरच शिकलो. भागाकाराला एका बोक्याने फार त्रास दिला, तो कुठल्याच वाट्यात बसायचा नाही.

पंधरवड्यात आठ पोरं यायला लागली. मग अकरा. मग चौदा. मी आतेला पत्र लिहिलं, वडिलांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार: तुझ्या अत्तराने जादू केली, पोरं जवळ बसतात, एकही नाक धरत नाही. हे खरंच होतं. त्या चौदातल्या एकानेही कधी माझ्यासमोर नाक धरलं नाही, आणि माझ्या आयुष्यात ते पहिल्यांदाच घडत होतं. मी सकाळ-संध्याकाळ दोनदा अत्तर लावायला लागलो.

मध्ये एकदाच मला शंका यायला हवी होती. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, ती शाळेपाशी थांबली आणि म्हणाली, "मास्तर, सुके बोंबील देतो का? भात देते बदल्यात." मला असा राग आला म्हणता! कुणीतरी हिला माझं घराणं सांगितलं, असं मला वाटलं. मी ताठ होऊन म्हटलं, "मी मास्तर आहे, मासळी विकत नाही." ती बिचारी ओशाळून गेली. मी आत जाऊन आणखी चार थेंब कानामागे लावले. मूर्खपणाला काही सीमा?

आणि मग एक दिवस सकाळी बैलगाडी आली. दिपोटी साहेब. कोट, टोपी, हातात छडी, आणि पाण्याचा तांब्यासुद्धा सोबत आणलेला. मी आदल्या दिवशीच निरोप आल्यामुळे जय्यत तयारी केली होती. फळा सारवलेल्या भिंतीला टेकवून सरळ केला, चौदाही पोरं ओळीत बसवली, मांजरांना हाकललं, आणि बाटलीत उरलंसुरलं होतं ते सगळं अत्तर अंगाला फासलं. पाड्यातला म्हातारा, ज्याचा शब्द तिथे चालायचा आणि ज्याची दोन नातवंडं शाळेत होती, तोही कोपऱ्यात येऊन उकिडवा बसला.

साहेब दारात पाऊल ठेवून थबकले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

"मास्तर, शाळेत मासे सुकवता काय?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "अत्तर आहे. घरचं. वाळा, केवडा, नागरमोथा, बकुळ." आणि मी मोठ्या अभिमानाने रिकामी बाटली पुढे केली.

साहेबांनी रुमाल जरासा सरकवून बाटली हुंगली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाळा आहे," ते म्हणाले. "केवडाही असेल. पण मास्तर, लहानपणी आई माझं नाक दाबून मला रोज एक चमचा पाजायची ते यात आहे. कॉडलिव्हर! माशाच्या काळजाचं तेल!"

त्या एका शब्दासरशी मला सगळं लख्ख दिसलं: मोटारीतला माणूस, मांजरं, ती मोळीवाली. इतके दिवस मी अंगभर मुशी चोपडून फिरत होतो. कान तापले आणि पोरांकडे बघायची माझी हिंमत होईना. शरमेने मेलो म्हणतात ना, तसा मेलो.

"जा, आधी ओढ्यावर जाऊन धुऊन या," साहेब म्हणाले. "असल्या घाणीत मी तपासणी करणार नाही. शेऱ्यातही लिहावं लागेल मला."

शेऱ्यात लिहिलं की संपलं. मी साबणाची वडी घेऊन ओढ्यावर पळालो. कपड्यांचा साबण होता तो, त्याने मी अंग असं घासलं की कातडी लाल झाली. वाळूने घासलं, पुन्हा साबणाने घासलं, सदरा पिळून तसाच ओला घातला. वास गेला की नाही ते मला कळायचा मार्गच नव्हता. जे कधी आलंच नाही ते गेलं हे कसं ओळखायचं? मागोमाग येऊन काठावर बसलेली मांजरं उठून निघून गेली, त्यावरून मी समजलो.

परत आलो तर शाळेत स्मशानशांतता. साहेब रुमाल नाकाशी धरून प्रश्न विचारत होते आणि चौदाच्या चौदा पोरं खाली मान घालून बसली होती. दोन अधिक तीन किती, हेही कुणी सांगेना. साहेब माझ्याकडे वळले. "हजेरी आहे, पण येत काहीच नाही. मुलं बोलतसुद्धा नाहीत. मला शाळा बंद करण्याची शिफारस करावी लागेल."

तेव्हा कोपऱ्यातला म्हातारा उठला.

"सायब," तो म्हणाला, "तू फडका काढ. मग बोलतील."

साहेबांना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

"याच्या आधी तीन मास्तर आले," म्हातारा म्हणाला. "तिघं नाकाला फडका लावून आले न् फडका लावूनच गेले. आमच्या घरचं पानी नाय प्याले. पोरांना वाटं, आपल्याच अंगाची घाण येते. घरी येऊन अंग घासत बसत. मग जायनात. हा आला, तर याच्या अंगाला बाजाराचा वास. सुक्या मासळीचा. पोरं बोलली, हा आपल्यातला हाय, याला आपली घाण वाटाची नाय. म्हनून बसतात. मांजराची गंमत चार दिवसांची, सायब. मांजरं आमच्याकडे बी हायेत."

साहेबांनी रुमाल नाकावरून काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच पाहिजे. ते खाली, सारवणावर पोरांच्या समोर मांडी घालून बसले आणि त्या चिमुरडीला म्हणाले, "बाळ, दोन आणि तीन किती?"

"काय दोन?" तिने विचारलं. "मांजरं?"

"मांजरं," साहेब म्हणाले.

"पाच," ती म्हणाली, आणि मग सगळी एकदमच बोलायला लागली. वजाबाक्या झाल्या, पाढे झाले, तो बोका भागाकारात का बसत नाही हेही त्यांनी साहेबांना समजावून सांगितलं. साहेब टोपी काढून हसले. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला तो मी त्यांच्या खांद्यावरून वाचला: हजेरी समाधानकारक, मुले बोलकी, शाळा चालू ठेवावी. अत्तराबद्दल अवाक्षर नव्हतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात जोडून उभा होतो, आणि मग तिथेच पायरीवर बसलो. नोकरी राहिली. होडी टळली.

पोरं आरडाओरडा करत पांगली. म्हातारा मात्र गेला नाही. तो माझ्याजवळ आला, माझ्या ओल्या सदऱ्याला हात लावून बघितला, आणि लाल झालेल्या माझ्या मानेकडे बघत म्हणाला, "एवढं घासलंस कशाला? सायब बोलला म्हनून?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. साहेबांनी सांगितलं होतंच. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"लाज वाटली," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

म्हाताऱ्याने मान हलवली. "आमाला बी वाटं," तो म्हणाला. "पयल्या मास्तरासमोर. चल, जेवाय चल."

मी उठलो आणि सवयीने हात धुवायला तांब्याकडे वळलो. त्याने माझं मनगट धरलं.

"आता आनखी किती धुशील?" तो म्हणाला, आणि मला तसाच ओढत घरी घेऊन गेला.